नभोवाणीचा आठवडा आणि अनामिक जॅझ : मुंबईतील संगीतप्रसारणाचा एक चिकित्सक विचार

प्रास्ताविक

३० एप्रिल हा दिवस युनेस्कोने २०११ साली आंतरराष्ट्रीय जॅझ दिन म्हणून जाहीर केला आणि २०१२ पासून तो जगभर साजरा होऊ लागला. दुसऱ्याच दिवशी, १ मे रोजी, महाराष्ट्र दिन व कामगार दिन येतो. १ मे रोजी मुंबईच्या नभोवाणीवर महाराष्ट्रगीते आणि पोवाडे यांची रेलचेल असते, आणि ती योग्यच आहे. आदल्या दिवशी मात्र मराठी निवेदनात ‘जॅझ’ हा शब्द उच्चारला गेल्याचे प्रस्तुत लेखकाच्या ऐकण्यात नाही. हे दोन दिवस लागोपाठ यावेत हा निव्वळ योगायोग आहे. परंतु नभोवाणीने त्यांच्यामध्ये जे अंतर राखले आहे, त्याला इतिहास आहे. मुंबईच्या एखाद्या केंद्राने उद्या एक संपूर्ण आठवडा जॅझसाठी राखून ठेवायचे ठरवले, तर तो आठवडा कोणाचा असेल? फोर्ट-कुलाब्याचा, की गिरगाव-दादर-लालबागचाही? या प्रश्नाच्या निमित्ताने मुंबईतील संगीतप्रसारणाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : मुंबईच्या मराठी श्रोत्याने जॅझ ऐकलेलाच नाही, हे गृहीतक चुकीचे आहे. त्याने जॅझची वळणे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे आठवड्यातून अनेकदा ऐकली आहेत. फक्त ती त्याला कोणी नाव घेऊन सांगितली नाहीत.

कार्यक्रमपत्रिका ही संहिता

नभोवाणीवर मराठीत झालेले बरेचसे लेखन आठवणींच्या स्वरूपाचे आहे. पु. ल. देशपांडे यांच्यापासून यशवंत देव यांच्यापर्यंत अनेक मोठी माणसे आकाशवाणीत होती. त्यामुळे व्यक्ती आणि किस्से यांनी हा इतिहास भरून गेला. कार्यक्रमपत्रिकेकडे मात्र एक संहिता म्हणून क्वचितच पाहिले गेले. नाटकाची संहिता आपण प्रवेशानुसार वाचतो, नियतकालिकाचा अभ्यास अंकानुसार करतो. नभोवाणीचे एकक आठवडा हे आहे. सोमवारी सकाळी काय, बुधवारी रात्री काय आणि रविवारी दुपारी काय, या चौकटीतून श्रोत्याला संगीताची प्रतवारी शिकवली जाते. कोणत्या संगीताशेजारी कोणते संगीत बसते आणि कोणते कधीच बसत नाही, हे तो नकळत आत्मसात करतो.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्घाटन २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते झाले. ही कंपनी १९३० मध्ये बुडाली, सरकारने कारभार हाती घेतला आणि १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. या साऱ्या स्थित्यंतरांत एक गोष्ट टिकून राहिली, ती म्हणजे संगीताचे ‘भारतीय’ आणि ‘पाश्चात्य’ असे दोन कप्पे. वसाहतकाळात हे कप्पे श्रोतृवर्गानुसार पडले होते. युरोपीय वस्तीसाठी एक, देशी वस्तीसाठी दुसरा. स्वातंत्र्यानंतर युरोपीय वस्ती गेली, कप्पा राहिला. ‘पाश्चात्य संगीत’ इंग्रजी निवेदनासह आपल्या ठरावीक वेळेला लागत राहिले. ‘आपली आवड’ आणि ‘कामगार सभा’ यांचा श्रोता त्या वेळी बहुधा संच बंद करून जेवायला बसत असे. जॅझ या दुसऱ्या कप्प्यात गेला आणि मराठी निवेदकाच्या तोंडून सुटला.

शुद्धतेचा आग्रह

आकाशवाणीच्या संगीतविषयक धोरणाचा विचार हार्मोनियमपासून सुरू करावा लागतो. १ मार्च १९४० पासून नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली; ती १९७१ नंतर टप्प्याटप्प्याने सैल होत गेली. हे वाद्य परदेशी, त्याचे स्वर ठोकळेबाज, त्यातून मींड निघत नाही, हे आक्षेप सर्वश्रुत आहेत. मराठी श्रोत्याच्या दृष्टीने यातील विसंगती मोठी होती. ज्या नाट्यसंगीताला आपण आपले अस्सल संगीत मानतो, ते पायपेटीच्या, म्हणजे ऑर्गनच्या, भरदार सुरावर उभे राहिलेले आहे. गोविंदराव टेंबे यांच्यासारखा श्रेष्ठ पेटीवादक हाच ‘मानापमान’चा (१९११) संगीतकार. परदेशातून आलेले वाद्य मराठी रंगभूमीने दोन-तीन दशकांत इतके घरचे केले होते, की ते परके आहे हे सांगायला नभोवाणीला फर्मान काढावे लागले.

दुसरा अध्याय बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांचा. केसकर १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी दिलेले स्थान, संगीताची राष्ट्रीय सभा, १९५२ मध्ये पंडित रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली दिल्लीत स्थापन झालेला वाद्यवृंद या गोष्टींचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. चित्रपटसंगीताबाबतची त्यांची नाराजी मात्र प्रसिद्ध आहे आणि तीमागे त्या संगीताचे पाश्चात्य वळण हे एक मुख्य कारण होते. चित्रपटगीतांचे प्रमाण घटवण्यात आले, गीते निवडून घेण्याचे ठरले आणि गीत लावताना चित्रपटाचे नाव सांगू नये, ती जाहिरात होते, असाही दंडक पुढे आला. निर्मात्यांनी परवाने काढून घेतले. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. अमीन सायानींची ‘बिनाका गीतमाला’ १९५२ मध्येच सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला.

ही हकिकत अनेकदा सांगितली गेली आहे. तिच्यातील एक बारकावा मात्र दुर्लक्षित राहतो. याच काळात महानगरांतील केंद्रांवर पाश्चात्य संगीत सुखेनैव चालू होते. म्हणजे पाश्चात्य संगीत पाश्चात्य म्हणून लागले तर धोरणाला हरकत नव्हती. ते हिंदी शब्द लेवून आले, की ते भेसळ ठरत होते. परका पाहुणा चालेल, पण त्याने घरात सोयरीक करू नये, अशी ही वृत्ती म्हणावी लागेल. मुंबईच्या जॅझचा इतिहास हा नेमका सोयरिकीचा इतिहास आहे; म्हणून नभोवाणीच्या दोन कप्प्यांमधील फटीत तो पडला.

ताजमहाल हॉटेल ते परळ

मुंबईत जॅझचे आगमन हॉटेलमार्गे झाले. १९३५ साली लिऑन ॲबे हा आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादक आपला संच घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या पाठोपाठ पियानोवादक टेडी वेदरफोर्ड, कॉर्नेटवादक क्रिकेट स्मिथ ही मंडळी आली. त्यांच्या सान्निध्यात गोव्याचे तरुण वादक तयार झाले. चर्चच्या पाठशाळांतून नोटेशन वाचायला शिकलेले, व्हायोलिन आणि ट्रम्पेट दोन्ही हाताळणारे हे तरुण धोबी तलावच्या परिसरात, आपापल्या गावाच्या ‘कुडां’त म्हणजे क्लबांत राहत. मिकी कोरिया यांचा संच १९३९ पासून दोन दशके ताजमध्ये वाजत होता. आल्दोन्याचे अंतोनिओ झेवियर वाझ (१९१६–१९६७) हे ट्रम्पेटवादक ‘चिक चॉकलेट’ या नावाने गाजले. त्यांना मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ (२०१२) या ग्रंथाने हा सारा कालखंड तपशिलाने उजेडात आणला आहे.

मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. युरोपीय गिऱ्हाईक परतलेले, संस्थानिकांची सद्दी संपलेली आणि त्यात दारूबंदी. हॉटेलांतील नृत्यसंगीताचा आश्रय ओसरला, अगदी संपला नाही. त्याच सुमारास चित्रपटांचे वाद्यवृंद फुगू लागले होते. वादकांनी दिवसा स्टुडिओ आणि रात्री हॉटेल अशी दुहेरी चाकरी पत्करली. चित्रपटाचा हा उद्योग मध्य मुंबईत होता : व्ही. शांताराम यांचे राजकमल परळला, रणजित दादरला, फेमस महालक्ष्मीला, फिल्म सेंटर ताडदेवला. धोबी तलावहून गिरगाव, गिरगावहून ताडदेव, पुढे परळ-दादर हा या वादकांचा रोजचा रस्ता होता. तो मराठी वस्तीतूनच जात होता. वाद्याची पेटी घेतलेला गोवेकर वादक आणि पाळी संपवून निघालेला गिरणी कामगार हे एकाच ट्रामने गेलेले असणार. सांस्कृतिक इतिहासात मात्र ते एकमेकांना भेटत नाहीत.

ते भेटले पडद्यावर. ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटाचे मोल या संदर्भात असाधारण आहे. निर्माता, दिग्दर्शक आणि नायक भगवान आबाजी पालव, म्हणजे आपले भगवानदादा, हे गिरणी कामगाराचे चिरंजीव, दादर-परळच्या मातीतले. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे रामचंद्र नरहर चितळकर, पुणतांब्याचे. वाद्यवृंदात चिक चॉकलेट. ते आणि त्यांचे साथीदार या चित्रपटात प्रत्यक्ष दिसतातही. नायक एक सामान्य कारकून, घरातून बाहेर पडतो आणि रंगमंचावर नाव काढतो. लालबागच्या प्रेक्षकाला हे कथानक समजावून सांगावे लागले नाही. ‘शोला जो भडके’मधील ताल, ब्रासचा ठसका आणि भगवानदादांची सैल, गुडघ्यात मोडणारी नृत्यपद्धती यांनी मध्य मुंबईच्या अंगात जी हालचाल भरली, ती गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत आजही ओळखू येते. कामगार वस्तीने जॅझ-युगाचा स्वीकार कानाच्या आधी पायांनी केला असे म्हणावेसे वाटते.

वर्गात संज्ञापनाचा अभ्यासक्रम शिकवताना चिक चॉकलेट यांच्या ट्रम्पेटचा एक तुकडा प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांना ऐकवला होता. काळाचौकीहून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली, “सर, हे तर आमच्या बेंजोवाल्यांचं.” तिचे उत्तर तपशिलात अचूक नसले तरी दिशेत अचूक होते. ट्रम्पेटचे वळण लग्नाच्या ब्रास बँडमध्ये आणि तेथून बेंजो पथकात कसे उतरत गेले, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, आणि तो एखाद्या मराठी विभागानेच हाती घ्यायला हवा.

मग याला जॅझ म्हणावे काय?

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. सी. रामचंद्रांचे संगीत म्हणजे जॅझ नव्हे. त्यात स्विंगचा ताल आहे, लॅटिन अमेरिकी ठेके आहेत, ब्रासची भरण आहे. परंतु जॅझचे प्राणतत्त्व असलेली उत्स्फूर्त स्वरनिर्मिती तेथे कोठे आहे? अंतऱ्यांमधील वाद्यसंगीताचे तुकडे बहुतांशी संयोजकाने लिहून दिलेले असत. हा आक्षेप मान्य केला पाहिजे. म्हणूनच प्रस्तुत लेखात ‘जॅझची वळणे’ असा शब्दप्रयोग केला आहे. मात्र आक्षेपाला जोडून येणारे एक समर्थन मान्य करता येत नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत उत्स्फूर्ततेला जागाच नव्हती, असे सांगितले जाते. लुई आर्मस्ट्राँग यांनी १९२५ ते १९२८ या काळात केलेली ‘हॉट फाइव्ह’ आणि ‘हॉट सेव्हन’ची ध्वनिमुद्रणे एवढ्याच लांबीची आहेत. आपल्याकडे अब्दुल करीम खाँ यांनी तेवढ्याच अवकाशात राग उभा केला. तबकडीची लांबी हे कारण नव्हे. खरे कारण श्रमविभागणीत आहे : गाण्याचा मालक चित्रपट होता, वादक रोजंदारीवर होता. हॉटेलात रात्री जो वादक आपल्या मनाने वाजवी, तोच सकाळी स्टुडिओत कागदावरचे वाजवी. एकाच माणसाच्या या दोन अवस्था लक्षात घेतल्याशिवाय मुंबईच्या जॅझचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

‘आशा’ (१९५७) मधील ‘ईना मीना डीका’ हे गीत या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. निरर्थक शब्दांचा तालासाठी वापर ही जॅझमधील जुनी युक्ती आणि आपल्याकडील तराण्याशी तिची तुलना नेहमी होते. ती तुलना वरवरची आहे. अधिक लक्षणीय हे, की मुलांच्या खेळातील मोजणीच्या बडबडीवरून सुचलेल्या त्या शब्दमालेत ‘मला नको’ या अर्थाचे कोंकणी शब्दही येऊन बसले आहेत. ती वाद्यवृंदातील गोवेकर वादकाची भर. हिंदी गीत, मराठी संगीतकार, कोंकणी शब्द आणि अमेरिकी ताल. विविध भारतीवर हे गीत असंख्य वेळा लागले असेल. त्यातील कोंकणीची ओळख निवेदनात कधी करून दिली गेली का?

नाट्यपद आणि जॅझमधील ‘स्टँडर्ड’

जॅझ आणि भारतीय संगीत यांच्या नात्याची चर्चा सहसा राग आणि उत्स्फूर्त विस्तार या अंगाने होते. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत पहिली ‘जॅझ यात्रा’ झाली. सॉनी रॉलिन्स यांच्यासारखा सॅक्सोफोनवादक येथे वाजवून गेला. पुढे ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांनी रागसंगीताशी संवाद साधणारे प्रयोग केले. या प्रयोगांचा आदर राखूनही असे म्हणावेसे वाटते, की मराठी श्रोत्याला जॅझकडे नेणारी वाट रागापेक्षा नाट्यपदातून अधिक सोपी जाते.

जॅझमध्ये ज्यांना ‘स्टँडर्ड’ म्हणतात, त्या चिजांपैकी मोठा भाग मुळात ब्रॉडवेच्या नाटकांतील गाण्यांचा आहे. जॉर्ज गर्श्विन, कोल पोर्टर ही मंडळी रंगभूमीसाठी लिहीत होती. गाणे नाटकात जन्मले, लोकांच्या ओठी बसले आणि मग वादकांनी ते घेऊन त्याचा विस्तार सुरू केला. श्रोत्याला मूळ चाल ठाऊक असते, म्हणूनच वादक तिच्यापासून किती दूर जातो आणि कसा परततो, याची गंमत त्याला घेता येते. आपल्याकडे ‘स्वयंवर’मधील (१९१६) पदांचे याहून वेगळे काय झाले? भास्करबुवा बखले यांनी चाल दिली, बालगंधर्वांनी ‘वन्स मोअर’गणिक ती नव्याने मांडली, आणि ती पदे मैफलीत गेली तेव्हा प्रत्येक गायकाने त्यात आपली भर घातली. पद ठाऊक असणे आणि तरीही पुढची जागा ठाऊक नसणे, या दुहेरी आनंदावर मराठी रसिकाचा कान घडलेला आहे. ३२ बारचा आराखडा पुन्हा पुन्हा फिरतो आणि त्यावर वादक नवे काही रचतो, हे आवर्तनाची सवय असलेल्या श्रोत्याला सांगणे अवघड नाही.

भेद अर्थातच आहे आणि तो मूलभूत आहे. नाट्यपदाचा विस्तार रागाच्या कक्षेत, एका षड्जाला धरून होतो; जॅझमधील वादकाच्या पायाखालची स्वरसंगतीची जमीन दर एक-दोन बारनंतर सरकत असते. षड्ज सुटला की आपला कान गांगरतो. पण हे गांगरणे निवेदकाने दोन वाक्यांत सावरायचे असते. नभोवाणीवरील संगीतनिवेदनाचे काम यापेक्षा निराळे कोणते?

येथे मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकी यांचे स्मरण होते. ‘मत्स्यगंधा’ (१९६४) आणि ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकांच्या संगीताने नाट्यपदाला नवे वळण देणारे अभिषेकी उमेदवारीच्या काळात मुंबई आकाशवाणीच्या कोंकणी विभागात होते. त्याच केंद्राच्या पाश्चात्य संगीताच्या कार्यक्रमांचा कप्पा गोव्याच्या ख्रिस्ती वादकांना मोकळा होता. एकाच भूमीतून आलेले दोन संगीतप्रवाह एकाच इमारतीत दोन वेगळ्या रकान्यांत विभागले गेले, हे कार्यक्रमपत्रिका संहिता म्हणून वाचल्यावरच ध्यानात येते.

खासगी वाहिन्यांचे वास्तव

खासगी एफ.एम. वाहिन्यांनी ही कोंडी फोडली असती, अशी अपेक्षा होती. २००२ मध्ये मुंबईत त्या सुरू झाल्या. पहिल्या टप्प्यातील परवान्यांची पद्धत लिलावाची होती आणि ठरलेले शुल्क दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढत जाणारे होते. २००५ मध्ये महसुलातील वाट्याची पद्धत आली, परंतु तोवर सवय जडली होती. एवढा खर्च भरून काढायचा तर जास्तीत जास्त लोकांना चालेल तेच लावायचे, हे गणित सरळ होते. परिणामी सर्वच वाहिन्यांवर तीच ती नवी हिंदी गीते फिरत राहिली. त्या दशकात मुंबईच्या खासगी वाहिन्यांवर मराठी गाणे ऐकू येणे हीच बातमी होती. जॅझ फार वरचा म्हणून नाही, मराठी फार खालचे म्हणून नाही. जाहिरातदारांच्या कोष्टकात दोघांचीही जागा एकच होती, बाहेरची.

वर्ल्डस्पेस या उपग्रह नभोवाणीचे उदाहरण याच्या उलट टोकाचे आहे. तेथे जॅझसाठी ‘रिफ’ ही चोवीस तासांची वाहिनी होती आणि मराठीसाठी ‘सुरभी’. वर्गणीदाराला दोन्ही मिळत. ती सेवा भारतात ३१ डिसेंबर २००९ रोजी बंद पडली. तिच्या गुणवत्तेबद्दल आजही हळहळ व्यक्त होते. पण दोन वाहिन्यांमधील भिंत तेथे अधिकच पक्की होती. ‘रिफ’वर सी. रामचंद्र लागण्याचे कारण नव्हते आणि ‘सुरभी’वर चिक चॉकलेट यांचे नाव निघण्याचे. शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ (१९६८) ही तबकडी या दोहोंपैकी कोठे बसवली असती? अकरा रागांवर आधारलेल्या त्या तबकडीत रईस खाँ यांची सतार आहे आणि संयोजन सबॅस्टियन डिसोझा यांचे आहे. नभोवाणीच्या कोणत्याही रकान्यात न मावणारी ही कलाकृती मुंबईच्या जॅझचा जणू नमुनाच आहे.

नावाचा प्रश्न

चित्रपटगीत लावताना नभोवाणीवर चित्रपट, गायक, गीतकार आणि संगीतकार ही चार नावे घेण्याची प्रथा आहे. संगीत-संयोजक आणि वादक यांची नावे घेतली जात नाहीत. याचे समर्थन असे केले जाते, की तबकडीवर जे छापलेले नाही ते निवेदक कोठून सांगणार? परंतु इतिहासाचा दाखला याविरुद्ध आहे. ‘महल’ (१९४९) मधील प्रसिद्ध गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून चित्रपटातील ‘कामिनी’ या पात्राचे नाव होते. श्रोत्यांनी नभोवाणीला पत्रे लिहून विचारणा केली, आणि लता मंगेशकर हे नाव नभोवाणीवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचले. म्हणजे पार्श्वगायकाला नाव मिळवून देण्यात नभोवाणीचा वाटा होता. चित्रपटाचे नाव घ्यावे की न घ्यावे, यावरून तर पुढे केसकरांच्या काळात संघर्षच झाला. निवेदनातील नाव ही किरकोळ बाब नाही, हे आकाशवाणीला पहिल्यापासून ठाऊक आहे.

वादकांच्या बाबतीत मात्र हे घडले नाही. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी १९५८ साली धोबी तलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात शंभरांहून अधिक वादकांचा ‘इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. राग आणि स्वरसंगती यांचा मेळ घालण्याचा तो अत्यंत गंभीर प्रयत्न होता. आज हे नाव कोट्यवधींना पाठ आहे, ते ‘अमर अकबर अँथनी’मधील (१९७७) गमतीच्या गीतामुळे, त्यांचे शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती आदरांजली. गीत वाजते, नाव गाजते आणि माणूस कोण हे कोणी विचारत नाही. अनामिकतेचा याहून विचित्र प्रकार सापडणे कठीण.

माहिती उपलब्ध नाही ही सबब आता पुरेशी नाही. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथात मुंबईच्या स्टुडिओंतील वादकांच्या विस्तृत मुलाखती आहेत. फर्नांडिस यांचा ग्रंथ आहे. दोन्ही इंग्रजीत आहेत, ही खंत आहे आणि ती आपल्याला उद्देशून आहे. सी. रामचंद्रांवर मराठीत प्रेमाने लिहिले गेले. त्यांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्रही आपल्यापाशी आहे. पण मराठी संगीतसमीक्षा संगीतकाराच्या खोलीपर्यंत जाते आणि वादकांच्या दालनाच्या दाराशी थांबते. गोवेकर ख्रिस्ती, इंग्रजी-कोंकणी बोलणारा, रोजंदारीवरचा. त्याला ‘आपला’ म्हणताना आपल्या समीक्षेचा स्वर अडखळतो, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

आठवड्याची आखणी

मूळ प्रश्नाकडे वळू. मुंबईच्या केंद्राने जॅझचा आठवडा आखायचा, तर नेहमीची पद्धत ठरलेली आहे : पहिल्या दिवशी न्यू ऑर्लिन्स, मग स्विंग, मग बीबॉप, आणि शेवटी एक दिवस ‘भारतातील जॅझ’. अशा आठवड्यात मुंबई ही तळटीप ठरते. प्रस्तुत लेखकाच्या मते आरंभ ‘अलबेला’पासून आणि परळपासून व्हावा; निवेदन मराठीत असावे; त्याच तासात चिक चॉकलेट यांच्यानंतर आर्मस्ट्राँग लावावेत, म्हणजे कोणाचे काय कोणाकडे आले हे श्रोता स्वतःच ऐकेल. एक संध्याकाळ नाट्यपद आणि ‘स्टँडर्ड’ यांच्यासाठी राखावी. तेच पद तीन गायकांच्या आवाजात आणि तेच गाणे तीन वादकांच्या हातून. वेळ रात्री अकराची नसावी. आठवडा ३० एप्रिल आणि १ मे या दोन्ही दिवसांना सामावणारा असावा, आणि १ मेच्या कार्यक्रमात भगवानदादा शाहिरांच्या शेजारी बसावेत.

एक दिवस रंगभवनासाठी ठेवता येईल. धोबी तलावच्या या खुल्या रंगमंचावर मराठी नाटकेही झाली आणि जॅझ यात्राही. परिसर शांतता क्षेत्र ठरल्यानंतर २००३ च्या सुमारास तेथील कार्यक्रम थांबले. ज्या थोड्या जागी हे दोन श्रोतृवर्ग एकाच बाकांवर बसले होते, त्यांपैकी ती एक.

हे काम आकाशवाणीवरच सोपवून मोकळे होण्याचे कारण नाही. २००२ च्या अखेरीस शैक्षणिक संस्थांना सामुदायिक नभोवाणीची दारे खुली झाली, २००६ मध्ये धोरण अधिक व्यापक झाले आणि मुंबई विद्यापीठाने १०७.८ मेगाहर्ट्झवर आपले केंद्र सुरू केले. या धोरणाखाली महाविद्यालयांना जाहिरातदाराच्या कोष्टकाबाहेरचे कार्यक्रम करता येतात. माध्यमांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी नभोवाणीसाठी संहिता लिहितातच. त्या संहितेच्या नमुन्यात चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार या चार रकान्यांखाली संयोजक आणि वादक असे आणखी दोन रकाने घालावेत. ते भरण्यासाठी विद्यार्थ्यांना धोबी तलावच्या कुडांत, सिने म्युझिशियन्स असोसिएशनच्या जुन्या सभासदांकडे आणि लालबागच्या बेंजो पथकांकडे जावे लागेल. त्या काळातले जे वादक हयात आहेत ते वयोवृद्ध आहेत, म्हणून हे याच शैक्षणिक वर्षात सुरू करणे इष्ट.